जुन्या हत्यारावरचं नाव नेमकं कोणाचं?

जुना रंधा, पाना किंवा करवत हातात आली की पहिला प्रश्न पडतो, हे बनवलं कोणी? पहिली चूकही तिथेच होते. जे अक्षर आधी वाचता येतं तेच कारखान्याचं नाव समजून शोध सुरू होतो. पान्यावर ‘ड्रॉप फोर्ज्ड’ ठळक दिसतं, म्हणून त्या नावाची कंपनी शोधणारे कमी नाहीत. ते नाव नाहीच. तापलेलं पोलाद साच्यात ठोकून घडवलं, एवढंच ते सांगतं.

एकाच हत्यारावर बनवणाऱ्याचं नाव, विकणाऱ्याचं नाव, मालकाची आद्याक्षरं, पोलादाची जात, माप, पेटंट आणि मानक अशा सात प्रकारच्या खुणा असू शकतात. त्यामुळे ओळख पटवताना नाव वाचणं हा कामाचा लहान भाग. प्रत्येक खूण कोणी, कधी आणि कशासाठी उमटवली हे ठरवणं हा मोठा. ते जमलं तर नाव अर्धवट पुसलेलं असूनही बरंच काही हाती लागतं.

घासायच्या आधी वाचून घ्या

तारेचा ब्रश, ग्राइंडरवरचं बफ आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवणं, या तिघांनी पुसलेली नावं गंजाने पुसलेल्या नावांपेक्षा जास्त असावीत. ठोकलेला ठसा फार तर मिलीमीटरच्या काही दशांश भागाइतका खोल असतो, आणि तो वाचता येतो तो त्याच्या धारदार कडांमुळे. फिरता ब्रश त्या कडा गोल करतो. मग खोली उरली तरी सावली पडत नाही, आणि अक्षर दिसेनासं होतं. आम्ल सगळा पृष्ठभाग खातं. करवतीच्या पात्यावरची चित्राक्षरं तर मुळात आम्लानेच उमटवलेली असतात आणि त्यांना खोली जवळपास नसतेच. पुन्हा आम्लात गेली की संपली.

म्हणून आधी आहे तशा अवस्थेत सगळ्या बाजूंचे फोटो काढा. मग जे सुटं होतं ते सुटं करा. कोरड्या ब्रशने माती झटका. धातूच्या भागाला रॉकेल किंवा पातळ मशीन ऑइल लावून आठ-दहा तास राहू द्या, नंतर जुन्या टूथब्रशने घासा. खाचांमधला मळ बांबूच्या काडीने काढा, लोखंडी टोकाने नको. सपाट भागावर रंगाचे थेंब किंवा वाळलेलं ग्रीस असेल तर दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडा. लाकडी मुठीवर कागदी लेबल किंवा चिकटवलेलं चित्र असेल तर तिथे थिनर मुळीच नको, रॉकेलही लांब ठेवा. ती लेबलं फारशी टिकत नाहीत, त्यामुळे टिकलेलं लेबल हा सगळ्यात चांगला पुरावा असतो.

आता उजेड. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळपास चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा. समोरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसतं तेच आडव्या उजेडात सावल्यांनी भरून जातं. चारही दिशांनी टॉर्च फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्या. अक्षराच्या उभ्या रेघा एका दिशेच्या उजेडात दिसतात, आडव्या दुसऱ्या दिशेच्या. खोलगट ठशात पांढरा खडू चोळून वरचा भाग बोटाने पुसला तर अक्षरं पांढरी उरतात. ओतीव कामातली उठावाची अक्षरं असतील तर खडू आडवा धरून वरून फिरवायचा. तरीही लागत नसेल तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासा. डोळ्याला न दिसणारी अक्षरं यात कधी कधी अचानक उमटतात.

कुठे बघायचं हे हत्यारागणिक बदलतं. पटाशीवर नाव मुठीच्या जरा खाली, पात्याच्या मानेपाशी असतं. लोखंडी रंध्यात पातं आणि त्यावर स्क्रूने घट्ट बसवलेली पट्टी, म्हणजे कॅप आयर्न, वेगळं केल्याशिवाय पात्याच्या वरच्या टोकावरचा ठसा दिसत नाही. पातं ज्या उतारावर टेकतं त्या ओतीव तुकड्याला फ्रॉग म्हणतात, त्याच्या मागच्या तळावरही अक्षरं असतात. लाकडी रंध्यात नाव पुढच्या टोकावर, आडव्या कापलेल्या लाकडात. पकडीवर सांध्याच्या आसपास किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. कानशीवर दाते संपून शेपटी सुरू होते तिथे. गिरमिटाच्या दांड्याला बिट धरणाऱ्या चकच्या टोपणावर. पाठीची पट्टी असलेल्या करवतीवर त्या पट्टीवर, मुठीकडच्या बाजूला. हातोड्याच्या डोक्यावर बाजूंना, आणि दांड्यावर डाग देऊन उमटवलेलं. दांडा मात्र बदललेला असू शकतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

ठसा उमटला कसा, यावरून कोणाचा ते कळतं

ओतीव किंवा घडीव तुकड्यावर उठून आलेली अक्षरं साच्यातच कोरलेली असतात. म्हणजे ती तुकडा बनवणाऱ्या कारखान्याची, किंवा त्याच्याकडे मोठी मागणी नोंदवणाऱ्याची. साचा कोरायला खर्च येतो, शे-पन्नास नगांसाठी तो कोणी करत नाही. पण साच्यातली प्रत्येक खूण म्हणजे नाव नव्हे. रंध्याच्या तळावर, व्हाइसच्या जबड्यामागे सुटं अक्षर किंवा दोन-तीन आकडे दिसतात. ते बहुतेक वेळा ओतशाळेच्या किंवा सुट्या भागाच्या ओळखीसाठी असतात. अमेरिकेच्या स्टॅन्लीच्या जुन्या रंध्यांवर ‘बी’ किंवा ‘एस’ एकटंच दिसतं. त्यावरून ब्रँड शोधायला गेलात तर दिवस जाईल आणि हाती काही येणार नाही.

आत दाबून ठोकलेला ठसा सरळ रेषेत, सगळी अक्षरं सारख्या खोलीची आणि कडेला चौकट असलेला असेल, तर तो एकाच डायने एका फटक्यात मारलेला आहे. तो बनवणाऱ्याचा किंवा दुकानदाराचा. एकेक अक्षर सुट्या पंचने ठोकलेलं असेल तर रेषा वाकडी होते, एखादं अक्षर खोल, एखादं उथळ जातं. असा ठसा जवळजवळ नेहमीच मालकाचा. सुतार आणि फिटर आपलं हत्यार दुसऱ्याच्या पेटीत जाऊ नये म्हणून आद्याक्षरं ठोकत, तीही दोन-तीन ठिकाणी. लाकडी रंध्यांवर तर तीन-चार पिढ्यांच्या मालकांची नावं सापडतात. मालकाच्या ठशात गावाचं नाव सहसा नसतं, बनवणाऱ्याच्या ठशात बरेचदा असतं. लाकडी रंध्याच्या टोकावर मधोमध, कधी नागमोडी चौकटीत मारलेलं नाव बनवणाऱ्याचं मानावं. तिथेच त्याच्या अंगावर आडवं-तिडवं मारलेलं दुसरं नाव मालकाचं. आणखी एक घोटाळा म्हणजे लाकडी रंध्यातलं पातं वेगळ्या कारखान्याचं असणं. त्या काळी ते सर्रास होतं, त्यामुळे पात्यावर वेगळं नाव दिसलं म्हणजे पातं बदललं असं लगेच समजू नये. इंग्रजी मोल्डिंग रंध्यांची, म्हणजे लाकडाच्या कडेला नक्षीदार आकार देणाऱ्या रंध्यांची, लांबी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साडेनऊ इंचांवर, म्हणजे सुमारे २४१ मिलीमीटरवर स्थिरावली. त्याहून लांब आणि कडांना रुंद सपाट उतार दिलेला रंधा दिसला तर तो आधीचा असण्याची शक्यता धरा.

सरकारी मालकीची खूण हा मालकाच्या ठशाचाच प्रकार. वर टोक असलेला तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारची खूण. बाणाभोवती ‘सी’ असेल तर कॅनडा. बाण म्हणजे बनवणारा नव्हे, पण त्याच्या शेजारी कंत्राटदाराचं नाव आणि साल बहुधा असतं. त्यामुळे लष्करी हत्याराचं वर्ष इतर कुठल्याही हत्यारापेक्षा नेमकं सांगता येतं.

नावासारखे दिसणारे, पण नाव नसलेले शब्द

‘कास्ट स्टील’ हा सगळ्यात जास्त फसवणारा शब्द. तो कंपनीचा नाही आणि हत्यार ओतीव आहे असाही त्याचा अर्थ नाही. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली, त्या पोलादाचं हे नाव. पटाशा आणि रंध्याच्या पात्यांवर ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मिरवलं जाई. यावरून काळाचा ढोबळ अंदाज येतो, बनवणाऱ्याचा नाही.

करवतींवरचे ‘जर्मन स्टील’ आणि ‘लंडन स्प्रिंग’ हे शब्द त्याहून वाईट, कारण ते देशाचं आणि शहराचं नाव घेतात. प्रत्यक्षात ते पोलादाच्या आणि मालाच्या प्रतीचे शब्द होते. ‘जर्मन स्टील’ लिहिलेली करवत इंग्लंडमध्ये बनलेली असू शकते. करवतीच्या मुठीवरच्या पितळी चकतीवर गरुड आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ असेल तर तेही नाव नाही. दुय्यम दर्जाच्या किंवा दुकानाच्या नावाने विकायच्या करवतींना असल्या तयार चकत्या लावत, आणि त्या अनेक कारखान्यांनी वापरल्या. ‘क्रोम व्हॅनेडियम’, ‘अ‍ॅलॉय स्टील’, ‘सॉलिड स्टील’ ही सगळी पोलादाची जात. ‘डीआयएन’ आणि त्यापुढचा आकडा हा जर्मन मानकाचा क्रमांक. त्या मानकाप्रमाणे हत्यारं जगभर बनतात, म्हणून त्यावरून जर्मनी ठरवू नये. भारतीय आयएसआय चिन्हाचं गणित जरा वेगळं. चिन्हाच्या वरचा आयएस क्रमांक मानकाचा, पण खालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा आकडा परवान्याचा असतो आणि तो एका विशिष्ट उत्पादकाला दिलेला असतो. नाव पुसलं गेलं असेल आणि हा आकडा उरला असेल तर तोच पकडून पुढे जायचं.

विकणाऱ्याचं नाव ओळखणं त्याहून अवघड, कारण ते दिसायला अगदी कारखान्यासारखंच असतं. ‘क्राफ्ट्समन’ हे सीअर्स या अमेरिकी विक्रेत्याने १९२७ पासून वापरलेलं नाव. हत्यारं वेगवेगळे कारखाने बनवून देत. पान्यावर नावाशेजारी एखादं बारीक अक्षर किंवा चिन्ह असतं, खरा बनवणारा त्यातून कळतो. ‘कीन कटर’ हेही सेंट लुइसच्या सिमन्स हार्डवेअर या घाऊक व्यापाऱ्याचं नाव. अशा वेळी ‘बनवणारा’ आणि ‘विकणारा’ असे दोन वेगळे रकाने करून लिहावं, एकच उत्तर देण्याचा हट्ट नको.

ब्रँड एक आणि देश दुसरा, हेही नेहमीचं. गेडोरे हे नाव ‘गेब्रुडर डोविडाट, रेमशाइड’ यातल्या आद्याक्षरांवरून बनलं. १९१९ मध्ये जर्मनीतल्या रेमशाइड गावात सुरू झालेली ही भावांची कंपनी. पण ‘गेडोरे’च्या पुढे ‘इंडिया’ ठोकलेले पानेही मुबलक आहेत. स्टॅन्लीचे रंधे अमेरिकेत बनत, तसे इंग्लंडमध्येही बनत. ब्रँड वाचून देश गृहीत धरला की पुढचा सगळा कालक्रम चुकतो, कारण दोन्ही देशांतल्या कारखान्यांनी बदल वेगवेगळ्या वर्षी केले.

देशाचं नाव म्हणजे तारीखही

हत्यारावर देश लिहिण्याची सक्ती बाजारपेठांच्या कायद्यांतून आली. ब्रिटनचा १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आणि अमेरिकेचा १८९० चा टॅरिफ कायदा हे त्यातले दोन महत्त्वाचे. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं बंधनकारक झालं. यातून दोन गोष्टी निघतात. देशाचं नाव असेल तर हत्यार बहुधा १८८० च्या दशकाच्या अखेरीनंतरचं आणि निर्यातीसाठी बनलेलं. नाव नसेल तर ते जुनं असेल, किंवा फक्त आपल्याच देशात विकायला बनलेलं असेल. देश लिहिलेला नाही म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं, हा निष्कर्ष विक्रेत्यांचा आवडता आणि बहुतेक वेळा चुकीचा.

देशांची नावं बदलली, ती मात्र पक्क्या तारखा देतात. ‘निप्पॉन’ ऐवजी ‘जपान’ हे १९२१ पासून अमेरिकेला जाणाऱ्या मालावर आलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९५२ च्या पुढे जाऊच नका. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘चेकोस्लोव्हाकिया’ १९९२ च्या अखेरीस संपला, ‘यूएसएसआर’ १९९१ मध्ये. सोव्हिएत हत्यारांवर तर आणखी मजा असते. कारखान्याचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि चक्क रुबल-कोपेकमधली किंमत धातूतच ठोकलेली. पंचकोनी चिन्ह दिसलं तर ते १९६७ पासूनच्या सरकारी दर्जाचिन्हाचं.

शहराचं नावही जपून वाचावं. ‘शेफील्ड’ एकटं असेल तर ठीक, पण ‘शेफील्ड स्टील’ म्हणजे पोलाद तिथून आलं, घडणावळ दुसरीकडे झाली, असंही असतं. जुन्या इंग्रजी ठशांमध्ये ‘जे’ या अक्षराच्या जागी ‘आय’ वापरलेलं सापडतं, त्यामुळे ‘आय. सॉर्बी’ शोधताना जॉन सॉर्बीही शोधावा. आणि सॉर्बी नावाचे कारखाने एकाहून जास्त होते. रॉबर्ट सॉर्बीच्या मालावर कांगारू असे, तर शॅमरॉकचं तीन पानी चिन्ह विल्यम मार्पल्सचं. आडनाव सारखं असेल तिथे चित्रच निकाल लावतं.

पेटंट आणि नोंदणीचे आकडे

पेटंटचा आकडा सापडला तर निम्मं काम झालं, पण त्याचा अर्थ नीट घ्या. पेटंट म्हणजे ‘यानंतर’. हत्यार त्या तारखेच्या आधीचं नाही, एवढंच सिद्ध होतं. साच्यात कोरलेली तारीख पेटंटची मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षं तशीच राहते.

अमेरिकी पेटंटांचे आकडे १८३६ पासून एकाच ओळीत चालत आलेत. दहा लाखावा १९११ मध्ये, वीस लाखावा १९३५ मध्ये, तीस लाखावा १९६१ मध्ये, चाळीस लाखावा १९७६ मध्ये आणि पन्नास लाखावा १९९१ मध्ये. डिझाइन पेटंटांची मालिका वेगळी, त्यामुळे आकड्याच्या आधी ‘डी’ किंवा ‘डेस’ आहे का ते बघा. ते नजरेतून सुटलं तर १९३० चं हत्यार १८६८ चं ठरतं.

नुसती तारीख असेल आणि एक आकडा पुसला असेल तर एक युक्ती आहे. अमेरिकी पेटंट मंगळवारी जाहीर होतात. समजा ‘एप्रिल १_, १९१०’ इतकंच वाचता येतंय. त्या महिन्यातले मंगळवार ५, १२, १९ आणि २६. म्हणजे तारीख १२ किंवा १९, तिसरी शक्यता नाही. आता पुसलेल्या आकड्याचं वरचं वेटोळं गोल बंद दिसतंय का, एवढंच बघायचं राहतं.

ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक १९१५ पर्यंत दर वर्षी एकपासून सुरू होत, १९१६ पासून १,००,००१ धरून सलग झाले. त्यामुळे पाच आकडी ब्रिटिश क्रमांकाशेजारी साल नसेल तर त्याचा उपयोग थोडाच. ‘आरडी नंबर’ म्हणजे डिझाइनची नोंदणी, ही मालिका १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली आणि १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या पुढे गेली होती. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, हिऱ्याच्या आकाराची खूण वापरत. तिच्या माथ्यावर रोमन एक असेल तर वस्तू धातूची, आणि कोपऱ्यांतल्या अक्षरं-आकड्यांवरून वर्ष, महिना, दिवस निघतो. ‘डीआरपी’ आणि ‘डीआरजीएम’ या जर्मन पेटंट-नोंदणीच्या खुणा १९४५ पर्यंतच्या, युद्धानंतर पेटंटसाठी ‘डीबीपी’. फ्रेंच मालावरचं ‘एसजीडीजी’ म्हणजे सरकारची हमी नसलेलं पेटंट, हेही कंपनीचं नाव समजलं जातं. वर्तुळातलं ‘आर’ हे चिन्ह अमेरिकेत १९४६ च्या ट्रेडमार्क कायद्यातून आलं. ते ठोकलेलं अमेरिकी हत्यार त्याच्या आधीचं असू शकत नाही.

नाव नसेल तर अंगावरून

व्हर्नियर घ्या आणि पान्याचा जबडा मोजा. ‘१/२ डब्ल्यू’ लिहिलेल्या पान्याचा जबडा अर्ध्या इंचाचा नसतो, सुमारे २३.४ मिलीमीटरचा असतो. व्हिटवर्थ पद्धतीत लिहिलेला आकडा बोल्टच्या व्यासाचा, जबड्याचा नाही. असा पाना ब्रिटिश किंवा ब्रिटिश पद्धतीने चालणाऱ्या देशातला. जबड्याचीच रुंदी इंचात आणि शेजारी ‘एएफ’ (म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) असेल तर तो अमेरिकी पद्धतीच्या बोल्टांसाठी.

आटेही बोलतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा ६०. थ्रेड गेज लावून बघितलं की फरक दिसतो. रंध्याच्या मुठीचा स्क्रू मेट्रिक निघाला तर जुना अमेरिकी रंधा ही कल्पना सोडून द्या, किंवा स्क्रू कोणीतरी बदलला आहे असं धरा.

मुलाम्याचा रंग बघा. निकल जरा पिवळसर झाक मारतं, क्रोम निळसर. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आला. अधिकच्या (+) चिन्हासारख्या खाचेचा फिलिप्स स्क्रू मूळचाच असेल तर हत्यार १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचं. पेचकसाच्या पारदर्शक मुठीला आंबूस वास येत असेल आणि वर पांढरी बुरशीसारखी पूड जमली असेल तर ती सेल्युलोजच्या प्लॅस्टिकची. बुरशी नसतेच ती, प्लॅस्टिकमधून बाहेर आलेला पदार्थ असतो आणि साबणाच्या पाण्याने निघतो.

एक रंधा पूर्ण वाचून बघू

समोर लोखंडी रंधा आहे. तळाच्या पुढच्या टोकावर ‘बेली’ आणि ‘नंबर ५’ उठावात. बेली हे बनवणाऱ्याचं नाव नाही. लिओनार्ड बेलीच्या रचनेचे हक्क स्टॅन्लीने १८६९ मध्ये घेतले आणि रचनेचं नाव तसंच ठेवलं. पुढे इतर कारखान्यांनीही हीच रचना उचलली, म्हणून रचना ओळखीची वाटली तरी कारखाना ठरत नाही. फ्रॉगच्या मागे तळावर तीन पेटंट तारखा आहेत: मार्च २५, १९०२, ऑगस्ट १९, १९०२, एप्रिल १९, १९१०. या तिन्ही एकत्र असलेले स्टॅन्लीचे तळ साधारण १९१० ते १९१८ मधले. पुढची गोल मूठ बुटकी आहे, तेही जुळतं, कारण उंच मूठ त्यानंतर आली.

आता पातं बाहेर काढलं. त्यावर हृदयाच्या आकारात ‘एस. डब्ल्यू.’. हे चिन्ह १९२० मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल आणि स्टॅन्ली वर्क्स एकत्र आल्यानंतरचं, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं. म्हणजे पातं तळाहून नवं. पातं झिजून संपतं, त्यामुळे यात नवल नाही. पातं दाबून धरणाऱ्या वरच्या तुकड्यावर, म्हणजे लिव्हर कॅपवर, ‘स्टॅन्ली’ ओतलेलं आहे, ते १९२० च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागलं. तीही बदललेली.

तर उत्तर असं: तळ स्टॅन्ली, अमेरिका, १९१० ते १९१८, पातं आणि लिव्हर कॅप नंतरची. ‘१९२५ चा स्टॅन्ली’ असं म्हणणं चूक, कारण त्या वर्षी हा रंधा या रूपात कारखान्यातून निघालेलाच नाही. रंध्याचं वय तळावरून ठरवतात. बाकीचे भाग तळाशी जुळतात की नाही हे तपासायला असतात. हेही लक्षात ठेवा की या कालखंडांचे तक्ते संग्राहकांनी जमवलेल्या रंध्यांवरून मागाहून बनवलेत. कारखान्याने तसे ‘प्रकार’ कधी ठरवले नव्हते, आणि जुने शिल्लक भाग नव्या तळांवर सर्रास चढवले जात. शिवाय हे तक्ते बेली रचनेच्या साध्या रंध्यांपुरते आहेत. खाचेच्या किंवा हाताएवढ्या छोट्या रंध्यांना ते लावू नयेत.

करवतीच्या पात्यावरचं पुसट चित्र

करवतीला वेगळं वागवावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर. मूठ काढा. पितळी नट जुने असतील तर त्यांची खाच नेहमीच्या पेचकसाला बसत नाही. जबरदस्ती केली की खाच फाटते, म्हणून जुन्या पेचकसाच्या टोकात कानशीने मधोमध खाच पाडून तो वापरतात. मुठीखाली झाकलेला पात्याचा भाग मूळ पॉलिशचा नमुना असतो, तो जपा.

चित्र बहुधा डाव्या बाजूला, पात्याच्या मध्याच्या जवळपास असतं. ४०० नंबरचा वॉटर पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा, टर्पेंटाइन किंवा रॉकेल घ्या, आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा. ठोकळा हवाच. बोटाने दाबून घासलं तर कागद खोलगट भागात शिरतो आणि चित्रच खातो. थोडं घासा, पुसा, बघा. काळसर अक्षरं दिसू लागली की थांबा. चित्र फिकट असेल तर बंदुकीला लावतात तो निळा-काळा करणारा द्राव पुसा, वाळू द्या आणि ६०० नंबरच्या कागदाने पुन्हा ठोकळ्यावर हलकं घासा. वरचा भाग उजळतो, खोलातलं काळं राहतं.

पितळी चकतीवरचं नाव शब्दशः उतरवून घ्या, प्रत्ययासकट. फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टनच्या चकतीवर ‘अँड सन’ आहे की ‘अँड सन्स’, यावर वर्षं ठरतात. पहिलं १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, दुसरं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं. कंपनी १९५५ मध्ये एच. के. पोर्टरकडे गेली. मूठ मात्र दुसऱ्या करवतीची असू शकते. मुठीतली भोकं आणि पात्यातली भोकं ओढूनताणून जुळवलेली दिसली, किंवा भोक कानशीने लांबट केलेलं असलं, की चकतीची साक्ष पात्याला लागू होत नाही.

शोध कुठे आणि कसा

अमेरिकी हत्यारांच्या पेटंटांसाठी ‘डेटॅम्प’ ही संग्राहकांनी बांधलेली सूची चांगली, क्रमांकावरून, तारखेवरून आणि नावावरूनही शोधता येतं. युरोपीय पेटंटांसाठी ‘एस्पेसनेट’. ब्रिटिश कारखान्यांचे पत्ते आणि नावातले बदल ‘ग्रेसेस गाइड’वर मिळतात. अमेरिकी पाने आणि पकडींसाठी ‘अ‍ॅलॉय आर्टिफॅक्ट्स’. शेफील्डच्या केलम आयलंड संग्रहालयातला हॉली संग्रह खास तिथल्याच हत्यारांचा. इंटरनेट आर्काइव्हवर कारखान्यांचे जुने कॅटलॉग स्कॅन केलेले आहेत, आणि लोकांच्या आठवणींपेक्षा ते केव्हाही बरे. कॅटलॉगमध्ये मात्र चित्राचा ठोकळा दहा-दहा वर्षं तोच वापरत, म्हणून चित्रापेक्षा मजकुरावर आणि मापांवर भर द्या. विक्रीच्या जाहिरातींतली वर्णनं पुरावा म्हणून धरू नका. एकाने लिहिलेलं चुकीचं साल पन्नास जण उतरवतात.

न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी तर्काने अक्षर भरू नका, टिंब ठेवा. ‘. . र्पल्स’ आणि खाली तीन पानांचं चिन्ह असं लिहिलं तर जाणकार लगेच मार्पल्स म्हणेल. तर्काने ‘शार्पल्स’ भरून विचारलंत तर तो तुमच्याबरोबर भलत्याच वाटेला लागेल. जाणकाराला दाखवायचे फोटो असे: पूर्ण हत्यार दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, प्रत्येक ठशाचा जवळून, आडव्या उजेडात, सुटे केलेले सगळे भाग एका ओळीत, आणि आट्यांचा किंवा जबड्याचा मोजलेला आकडा. मूळ न घासलेल्या अवस्थेतला फोटोही जोडा, कारण रंगाचा उरलेला पापुद्रा कधी कधी नावापेक्षा लवकर कारखाना सांगतो.